कपाट दाखवणाऱ्या मावशी

मोबाइल त्या दोन्ही हातांनी छातीशी धरायच्या, कॅमेरा पुस्तकांकडे करायच्या आणि कपाटासमोरून एकेक पाऊल सरकायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाईचं काहीतरी बिनसलंय. मध्येच थांबून त्या फोनला विचारायच्या, "हे, का बाजूचं?"

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर बसतो. मावशी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. आल्या की आधी माझ्या टेबलावरची धूळ बोटाने पुसून ते बोट मला दाखवायच्या, मग नमस्कार करायच्या. कोणी साहेब समोर बसलेले असले तरी यात सूट नसे.

आमच्याकडच्या मराठी घरांचं एक तुम्हाला सांगायला हवं. मुलं हिंदी शाळेत जातात, घरात मोडकंतोडकं मराठी बोलतात आणि वाचायची वेळ आली की हिंदीच उचलतात. मीही त्यातलाच. मराठी वाचतात त्या सुना. गोंदिया-भंडाऱ्याकडून लग्न होऊन लांजीला, राजेगावला येतात आणि इथे त्यांचं वाचन सुटतं. मावशीही तशाच सून होऊन आलेल्या. "माहेरची लग्नपत्रिका आली का 'कृपया आहेर आणू नये' इथपर्यंत वाचत होती मी, तेवढंच वाचन," असं त्या हसत सांगायच्या. मला मात्र ते ऐकून कधी हसू आलं नाही.

मध्यंतरी वाचनालयाचं ॲप आलं. फोनवर पुस्तकाचं नाव टाकलं की ते कोणत्या कपाटात, कोणत्या कप्प्यात आहे ते कळायचं. मावशींनी हौसेने मराठी विभागात एक नाव टाकलं. ॲप म्हणालं, असं पुस्तकच नाही. पुस्तक त्यांच्या हातात होतं.

"मग मी काय भूत धरून उभी हाये?" त्यांनी मला विचारलं.

झालं होतं असं, की नावं भरणाऱ्या माणसाने देवनागरी दिसली की हिंदी, असा सरळ हिशेब केला होता. त्यामुळे सगळी मराठी पुस्तकं हिंदीच्या गर्दीत गेली आणि मराठी विभाग ॲपमध्ये रिकामा राहिला. दुरुस्तीला वरून हुकूम लागेल असं कळलं. वरून हुकूम आला तो वेगळाच. परीक्षेच्या अभ्यासाला बसणाऱ्या मुलांसाठी जागा करा, मराठीची दोन कपाटं कोणी वापरत नाही, ती कोठीत टाका. आमच्या कोठीत गेलेलं पुस्तक पुढे फक्त वाळवीच वाचते.

हुकूम ऐकून मावशी कपाटाला टेकल्या. मग म्हणाल्या, "ॲपले दिसत नाई तं मी दाखवतो. पोरींले बालाघाट दूर हाये, फोन तं दूर नाई ना?"

ओळखीतून ओळख काढत त्यांनी सुनांचे नंबर जमवले. दुपारी भांडी आटोपली की सुनांचे व्हिडिओ कॉल यायचे आणि मावशी त्यांना कपाट फिरवून आणायच्या. पलीकडून "थांबा" आलं की पुस्तक बाहेर. सभासद मी फोनवरच करून घ्यायचो. पुस्तक लांजीच्या बसने जायचं, कंडक्टरला दम देऊन. एकीने स्वयंपाकाचं पुस्तक मागितलं तर मावशींनी तिला त्याच्याखाली ठेवून एक कादंबरीही बळेच पाठवली. सासरच्यांना वरचं पुस्तक दिसू दे, म्हणाल्या.

हुकूम काढणारे साहेब पाहणीला आले तेव्हा कप्पे निम्मे रिकामे होते. पुस्तकं कुठे गेली, त्यांनी हिंदीत विचारलं. मावशी मराठीत म्हणाल्या, "वाचाले गेली." कपाटं जागेवर राहिली. मावशींनी त्या आनंदात मला पेढा दिला, तोही अर्धा, कारण मला साखर आहे.

नंतर त्यांना कावीळ झाली आणि ती उतरेना. मुलगा नागपूरला नेणार होता. जाण्याआधी त्या रिक्षाने वाचनालयात आल्या आणि फोन माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, तिकडे लागेल तुम्हाला.

"पोराचा हाये ना. इथं फोन येतीन, कोणी उचलला पाह्यजे," त्या म्हणाल्या. धूळ पाहायची त्या विसरल्या.

त्या परत आल्या नाहीत. मुलाला मी फोन न्यायला सांगितलं तर तो म्हणाला, राहू द्या, आईने सांगून ठेवलंय.

तेराव्यानंतर एका दुपारी तो वाजला. लांजीची एक सून होती. मी उचलला आणि कॅमेरा कपाटाकडे केला.

"मावशी, आज वरच्या कप्प्यापासून दाखवा," ती म्हणाली.

मग मला सांगावंच लागलं. पलीकडे तिचं लेकरू रडत होतं, ते तिने कडेवर घेतलं. नंतर हळूच म्हणाली, "मी त्यायचं तोंडच नाई पाह्यलं कधी. रोज अलमारीच दिसे. फोटो हाये का एखादा?"

मी त्या फोनमध्ये शोधलं. पुस्तकांची मुखपृष्ठं होती, कप्पेच्या कप्पे होते, बसच्या पाटीचा एक फोटो होता. एका मुखपृष्ठाच्या कडेला मावशींचा अंगठा आला होता, तेवढाच. नाही, मी म्हणालो.

"मग अलमारीच दाखवा, भाऊ," ती म्हणाली.

मी फोन दोन्ही हातांनी धरला आणि वरच्या कप्प्यापासून सुरुवात केली.