सासूच्या जिवावरचं नक्षत्र

शारदाबाईंना राग आला की त्या भांडी आपटत नाहीत, कामाला लागतात. तुळजापुरात सारा जन्म शाळेत शिकवलं; चूक दिसली की फळ्याजवळ नेऊन दाखवायची, ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. म्हणूनच मार्गशीर्षातल्या त्या पहाटे त्यांनी लेकीच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. “ऊठ जाई. तुझं नक्षत्र दाखवते तुला.”

जाईचं सोलापूरचं स्थळ आदल्याच दिवशी मोडलं होतं. मुलगा चांगला, मुलीला नोकरी, दोघांची पसंती, सगळं जुळलेलं. पण पत्रिका बघितली आणि मुलगी आश्लेषा नक्षत्राची निघाली. आश्लेषाची सून सासूच्या जिवावर उठते म्हणे! वर मध्यस्थानं शहाणपण शिकवलं: जन्मवेळ तासभर पुढं ढकला, मघा नक्षत्र येईल, मंडळी पुन्हा बोलायला तयार आहेत. आणि शारदाबाईंचे यजमान नारायणराव यावर चक्क ‘बघू’ म्हणाले.

“बघू म्हणे! कळा मी सोसल्या, आणि वेळ हे बदलणार!” स्कूटीवर मागं बसून बाई घाटाच्या माळापर्यंत बोलतच होत्या. जाई गाडी चालवत होती.

माळावर वारा बोचत होता. खाली गावाचे दिवे, वर गच्च चांदण्या. शारदाबाईंनी मान मागं टाकून बोट जवळजवळ डोक्यावर नेलं. “ती ठळक चांदणी दिसते? ती मघा. तिथून पश्चिमेकडं सरक जरा. पाच-सहा बारक्या चांदण्यांचं कडं आहे बघ. तीच आश्लेषा.”

जाईला ती सापडायला बराच वेळ लागला. “एवढीशी?”

“एवढीशी! धड दिसतसुद्धा नाही, आणि म्हणे सोलापुरात बसलेल्या बाईचा जीव घेते! रक्तदाब तिचा, साखर तिची, भजी खाणार ती, आणि खापर माझ्या पोरीवर! शिकलेली माणसं ही. लाज कशी वाटत नाही? एका लेकराचं मन मोडताना त्या बाईच्या जिभेला हाड कसं नाही?”

जाई अजून वरच बघत होती. “आई, मागच्या वर्षी आपल्या श्रेयसदादासाठी प्रतीक्षाचं स्थळ आलं होतं. आठवतं?”

“तुझी ती मैत्रीण? तिचं आत्ता इथं काय?”

“ती पण आश्लेषाचीच. दादाला लई आवडली होती. तू नको म्हणालीस. मी म्हटलं, अगं, मी पण आश्लेषाचीच आहे की. तर तू म्हणालीस, ‘तुझं तुझी सासू बघेल. इथं सासू मी होणार आहे.’”

शारदाबाईंनी तोंड उघडलं. पण झोडपायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

उजाडायला लागलं तशी जाईनं गाडी सुरू केली. “बाबांना काय सांगायचं? वेळ बदलायची?”

“लावून तर बघू देत पत्रिकेला हात!” बाई कडाडल्या. मग मागं बसता बसता त्यांचा आवाज खाली आला. “प्रतीक्षाचं जमलं का गं कुठं?”

“नाही,” जाई म्हणाली. “तिला अजून सासवाच भेटतायत.”