ओली गाठ

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. मांजरेकाठच्या त्या गावाला नवा जिल्हा मिळाला, नव्या पाट्या मिळाल्या. पाऊस मात्र नव्या जिल्ह्यात नाव नोंदवायला तयार नव्हता. गावाची पायऱ्यांची विहीर, बारव, तळाला लागली. उद्या सकाळी टँकर येऊन बारवेत पाणी ओतणार आणि वरून ब्लीचिंगची पावडर टाकणार, अशी दवंडी झाली. गाव सुखावलं. एकटा व्यंकटी भोई बारवेच्या काठावर जाऊन बसला.

बारवेत एक मरळ होती, हातभर लांबीचा काळा मासा. भोयाच्या घरातल्या बाईनं पिण्याच्या पाण्यात मरळीचं पिल्लू सोडायचं, ही तिथली रीत. अळ्या-किडे खाऊन ती पाणी साफ ठेवते. ही मरळ व्यंकटीच्या बायकोनं, सरजाबाईनं, नऊ वर्षांपूर्वी सोडलेली. सरजाबाई गेल्या उन्हाळ्यात गेली. मरळ उरली. पावडरीच्या पाण्यात तीही उरणार नव्हती; तिला आजच बाहेर काढायचं होतं.

पायऱ्या पडल्या होत्या, आणि पिण्याच्या पाण्यात पाय घालायला गाव कुणालाच देत नसे. जाळं टाकलं तर गाळ ढवळला असता. राहिला गळ. व्यंकटीकडं हैदराबादच्या मेव्हण्यानं दिलेली विणलेली दोरी होती, केसाएवढी बारीक पण मजबूत. बारवेच्या तळापर्यंत ती पुरत होती. पण मरळ दडून होती पडक्या दगडांच्या सांदीत, आणि दगडाच्या धारेला ती दोरी क्षणात तुटली असती. म्हणून गळाजवळ जाड तंगूस हवं, नायलॉनची सलग तार. ते होतं फक्त सहा हात. दोन्ही जोडायचं, एवढंच काम.

आणि जोडाची गाठ म्हणजे व्यंकटीचा प्रांत. किनवटपासून उदगीरपर्यंत आपल्यासारखी गाठ कुणाला येत नाही, असं तो स्वतःच सांगे. त्यामुळं साक्षीदार शोधायची गरज पडत नसे. बारीक दोरीचे दहा वेढे जाड तंगुसावर चढवायचे, दहा उतरवायचे, मग ओढायचं. गेलं वर्षभर जाळ्यावरच भागल्यानं गाठ बांधायची वेळ आली नव्हती, पण चाळीस वर्षांत ती कधी सुटली नव्हती.

त्या दुपारी ती सुटली. त्यानं गाठ ओढली, रहाटाच्या खांबाला अडकवून हिसका दिला, तर दोरी सरसर निसटून हातात आली. तंगूस वेढ्यांखाली पांढरं पडलं होतं. तेवढा तुकडा कापून त्यानं पुन्हा बांधली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तंगूस चार हातांवर आलं.

पाझर साठायची वाट बघत कोंडाबाई घागर घेऊन बसली होती. सत्तरीची, शेतकऱ्याच्या घरची, सगळ्या गावाची उणीदुणी तोंडपाठ असलेली. सरजाबाईची जिवाची मैत्रीण. मघापासून ती त्याच्या नामांकित गाठीची चौकशी करत होती. आता तिनं थट्टा थांबवली.

"सकाळधरनं पाणी पिलास का?"

"न्हाई, आक्का. मासा हातात आल्याबिगर आमच्यात पाणी पीत न्हाईत. ठावं हाय की तुला."

"मंग गाठीला लावायला थुंकी कुठनं येणार? सरजा गाठ तोंडात धरायची, आठवतं का?"

आठवत होतं. गाठ ओढायच्या आधी सरजाबाई ती त्याच्या हातातून घ्यायची, ओठांत धरायची आणि हसत परत द्यायची. बायकोचा लाडिकपणा म्हणून तो दर वेळी ओशाळून इकडंतिकडं बघायचा. चाळीस वर्षं.

"लाड नव्हता त्यो," कोंडाबाई म्हणाली. "कोरडी गाठ ओढली की तंगूस भाजतंय. तुला सांगितलं असतं तर तू ऐकला असतास व्हय? म्हनून गप करायची."

 व्यंकटीनं चौथ्यांदा वेढे घातले. कोंडाबाईनं घागरीच्या तळचं घोटभर पाणी तांब्यात ओतून पुढं केलं. त्यानं गाठ त्यात बुडवली आणि हळूहळू ओढली. वेढे एकमेकांना बिलगत गुपचूप बसले. खांबाला हिसका दिला, हलली नाही.

बेडकी लावून गळ सोडला. ऊन कलायला लागलं तेव्हा मरळीनं तो घेतला. तिनं सांदीत दोन वेळा धडका दिल्या; तंगूस दगडावर करकरलं पण टिकलं. मग ती जड, काळी, अंग पिळत वर आली, आणि जोड व्यंकटीच्या बोटांतून सरकत गेला, गव्हाच्या दाण्याएवढा.

गळ काढून त्यानं तिला ओल्या पोत्यात गुंडाळलं. मरळ पाण्याबाहेरही तग धरते; मांजरेचा डोह कोसभर लांब होता, पण त्यात अजून पाणी होतं.

"घावली की आता. घोटभर पी तरी," कोंडाबाई म्हणाली.

"आधी हिला पोचवतो, आक्का."

पोतं छातीशी धरून तो निघाला. डोहात गुडघाभर शिरून त्यानं पोतं उलगडलं. मरळ थोडा वेळ त्याच्या पायाशी थांबली, मग गेली. व्यंकटीनं ओंजळ भरली, आणि प्यायच्या आधी उगाच ओठांवर धरून ठेवली.