दोरीच्या अल्याड नऊ म्हशी

मलप्पाच्या गावाला एक भारी खोड होती. माणूस आजारी पडो नाहीतर म्हैस, भेटायला झाडून सगळे जाणार. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकांच्या आधारानं दिवस काढले, तेव्हापासून ही खोड जास्तच पक्की झाली. मग लाळ्या खुरकुतीची साथ आली. कुणाची म्हैस लाळ गाळत लंगडायला लागली की लोक तिच्या पाठीवरून हात फिरवायचे, हळहळायचे आणि त्याच चपलांनी आपापल्या गोठ्यात शिरायचे. आता काय म्हणावं या मायेला!

मलप्पाची बायको गौरम्मा भूकंपात गेली होती. पोरबाळ नव्हतं. गेली दहा वर्षं नऊ म्हशी हाच त्याचा संसार. दूध लातूरला क्लासच्या पोरांच्या खानावळींत जायचं. रोज संध्याकाळी गोठ्यात येऊन बसणारा माणूस एकच, हणमंतराव. ढिगाऱ्याखालून मलप्पाला ओढून काढलं होतं तेही त्यानंच.

जनावरांच्या डॉक्टरांनी लस टोचली आणि दम भरला, "लस लागू पडायला पंधरा दिवस लागतील. तोवर गोठ्यात कुणाला घेऊ नका. तुम्हीसुद्धा सोड्याच्या पाण्यात पाय धुऊनच आत जा."

मलप्पानं वाटेवर आडवी दोरी बांधली. दुधाचे कॅन दोरीपाशी ठेवायचा, टेंपोवाला उचलून न्यायचा. दिवसभर बोलायला म्हशी तेवढ्या.

सहाव्या दिवशी हणमंतरावाची एकुलती एक गाय साथीत गेली. सगळा गाव त्याच्या दारात जमला. मलप्पा दोरीपाशी उभा राहून रडणं ऐकत होता. जीव नुसता तुटत होता, पण पाय काही त्यानं बाहेर टाकला नाही.

दोन दिवसांनी हणमंतराव धुतलेलं धोतर नेसून आला.

"मल्या, एक सांगायचं हाय."

"तिथंच थांब!" मलप्पा केवढ्यांदा ओरडला. "रोग घिऊन आलास व्हय माझ्या दारात? जा आधी! काय सांगायचं ते पंधरवडा झाल्यावर सांग."

"बरं," म्हणून हणमंतराव खाली मान घालून गेला. अरे, दोरीपलीकडून ऐकून घ्यायला काय जात होतं? पण भीतीनं मलप्पाची मतीच गुंग झाली होती.

पंधरवडा संपताच दोरी सोडून तो तडक हणमंतरावाच्या घरी गेला. दाराला कुलूप. शेजारच्या उमाबाई म्हणाल्या, "त्यांचा ल्योक लातूरला घिऊन गेला की, कायमचा. गाय गेली अन् त्यांचं मनच उडालं बघा. तुमाला सांगाया आलते न्हवं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एकेका म्हशीचं तोंड उघडून पाहिलं, खूर पाहिले. "नऊच्या नऊ धडधाकट! गावात तुमचाच गोठा वाचला, मलप्पा."

"हाव साहेब," मलप्पा म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं. "पन ज्याला हे पळत जाऊन सांगावं, त्यालाच मी दारातून हाकललं."