एकीच्या नावाखाली डोल्माचं भाषण कापलं

मंडळी, घरी येऊन तासही झाला नाही. डोकं तापलेलं आहे, त्यामुळे गोड बोलणार नाही.

इथे नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टमधली माझी शेजारीण डोल्मा तिबेटी आहे. कर्नाटकातल्या निर्वासित वसाहतीत वाढली, त्यामुळे आमचं हिंदीत छान जमतं. आज इथल्या तिबेटी संघटनांची एकत्र सभा होती. तिबेटमध्ये चीनने तुरुंगात डांबलेल्या भिक्षुणींबद्दल डोल्मा महिला संघटनेतर्फे बोलणार होती. मी ऑफिसातला प्रोजेक्टर घेऊन मदतीला गेले होते.

सभेच्या तोंडावर संयोजन समितीचे अध्यक्ष आले. तेही भारतातच वाढलेले, माझ्यासमोर हिंदीतच म्हणाले, "डोल्माजी, आज डच पाहुणे आहेत. आपली एकी दिसली पाहिजे. बायकांचा विषय पुन्हा कधीतरी घेऊ. तुम्ही जेवणाचं बघा."

"तुरुंगात मार खातायत त्या बायकाच आहेत ना? त्यांना वगळून एकी कुणाची?" डोल्माने विचारलं.

"फूट पाडू नका," एवढं बोलून ते वळले.

डोल्माने संयुक्त निवेदनावरचं आपल्या संघटनेचं नाव काढायला लावलं आणि बायकांना घेऊन बाहेर पडली. मीही प्रोजेक्टर उचलला. सभा आमच्याशिवाय झाली. टाळ्या बाहेरपर्यंत ऐकू आल्या.

परतताना ती म्हणाली, "चीनविरुद्ध बोलले की मी शूर. यांच्याविरुद्ध बोलले की गद्दार."

आता सांगा, आपल्या मराठी मंडळात "आत्ता नको, उगाच वाद होतील" हे कुणाला ऐकवलं जातं? बायांनो, खरं लिहा. आणि "दोन्ही बाजू असतात" म्हणणाऱ्यांनी आज इथे फिरकू नये.