काट्याची केबल
परवा ड्रॉवर आवरताना जुन्या वजनकाट्याची केबल हाताला लागली आणि नाकात आंबलेल्या दुधाचा वास शिरला. बऱ्याच वर्षांपूर्वी निरगुडसर गावाच्या बाजूला एका दूध डेअरीवर मी नवाच लागलो होतो. एका सकाळी काटा वजन दाखवत होता, पण शेजारचा जुनाट कॉम्प्युटर ते घ्यायलाच तयार नव्हता. दारात कॅनची रांग लागलेली, दूध थंड ठेवायची सोय नाही आणि रस्त्यावर टँकर सारखा हॉर्न देत होता. मी केबल उपटून, फुंकून परत लावली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, तरी काही होईना. रांगेतली पहिली म्हातारी म्हणाली, "तुमच्या आधीचं भाऊ पयला काटा चालू करायचं, मंग ह्यो टीव्ही." "मावशी, तुम्ही मागं व्हा बरं!" मी खेकसलो. टँकर दूध न घेताच निघून गेला. मग मी सगळं बंद केलं आणि गुपचूप आधी काटा चालू केला, मग कॉम्प्युटर. वजन पडद्यावर उमटलं. "म्हशीलाबी आधी रेडकू दावावं लागतं, बाबा, मंगच ती पान्हावती," एवढंच बोलून तिनं भरलेला कॅन उचलला आणि घराकडं वळली. ही केबल बसेल असा कॉम्प्युटर आता कुठं उरलेला नाही, पण ती टाकून द्यायला माझा हात होत नाही.