आप्पांचा सडा

सकाळची पाळी सुरू झाली की आप्पा मिलच्या आवारात बादलीभर पाण्याचा सडा टाकत. पांडेसऱ्यातली साड्यांची डाइंग मिल, चहूकडे वाफ आणि रंगाचा वास, आणि त्यात हा सहा फुटी फोरमन पँटचे पाय दुमडून हाताने पाणी शिंपडतोय. "आप्पा, रांगोळी राहिली," कोणीतरी हमखास ओरडे. "ते सुनेचं काम. मी सासू," आप्पा मान वर न करता म्हणत.

मी साक्री तालुक्यातून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. सेफ्टी सुपरवायझर म्हणून सहा महिन्यांची कच्ची नोकरी लागली होती. गावाकडची सवय सुटत नसेल म्हाताऱ्याची, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी आप्पांनी बादली रिकामी करून मला अहिराणीत विचारलं, "तू शिकेल माणूस शेस. सांग, हाई पानी कथा जाई?" पाणी कुठे जाईल, एवढाच प्रश्न. मी उताराकडे बोट दाखवलं. पाणी थोडं पुढे गेलं, वळलं आणि गेटजवळच्या गटारीत शिरलं. "ट्रकच्या चाकांनी जमीन रोज बदलते," आप्पा म्हणाले. "म्हणून रोज विचारायचं." ती गटार पुढे खाडीला मिळते, आणि खाडीकाठी चाळी आहेत. आप्पांची खोली त्यांतच होती.

चौथ्या महिन्यात टँकरमधून डिझेल उतरवताना पाइप निसटला. एरवी काही बिघडलं नसतं. टाकीभोवती कंबरभर बांध आहे, सांडलेलं त्यातच राहतं. पण बांधात साचलेलं पाणी सोडायला सकाळी मी खालचा वॉल्व उघडला होता, आणि रजिस्टर भरायच्या नादात तो बंद करायचाच राहिला होता. डिझेल सरळ बाहेर आलं.

मी वॉल्वकडे धावलो. आप्पा गेटकडे धावले. उतारावर ते थांबलेही नाहीत, कारण डिझेल कुठे वळणार हे त्यांना सकाळच्या सड्यातच कळलेलं होतं. वाटेत बिडी ओढणारा वॉचमन गोंधळून ती फेकणार, तोच आप्पा म्हणाले, "फेकू नको राजा. तशीच घेऊन गेटबाहेर जा. आणि चालत नको." तो हातात बिडी धरून असा पळाला, की तेवढ्यातही लोक हसले.

वॉल्व बंद करून मी कॉटन वेस्टची गोणी घेऊन पोचलो. "सुती नको," आप्पा म्हणाले. "गटारीत पाणी आहे. सुती आधी पाणी पिते. पॉलिस्टर साड्यांच्या चिंध्या आण, त्या पाण्याला हात लावत नाहीत, तेलच पितात." मग सगळे खातेवाले गोण्या घेऊन आले. गुलाबी, पोपटी, जरीच्या काठाच्या चिंध्यांनी गटारीचं तोंड गच्च भरलं, अलीकडे वाळूचा बांध पडला. "गटारीचं लग्न लागलं," कोणीतरी म्हणालं. आप्पा पलीकडे जाऊन उकिडवे बसले, बोट बुडवून हुंगलं आणि म्हणाले, "नुसतं पाणी."

मॅनेजर शेठ आले. "वॉल्व कोणे खुल्लो राख्यो?" माझ्या डोळ्यांपुढे वडिलांनी गावात वाटलेले पेढे आले. आप्पा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "भाऊ, पोटात ठेवलेलं तेलही कुठेतरी वाट काढतंच. सांगून टाक."

"मी," मी म्हणालो.

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या रंगीबेरंगी गटारीकडे. नोकरी राहिली. शिक्षा मात्र झाली. कच्ची नोकरी संपेपर्यंत रोजचा सडा मी टाकायचा. दुसऱ्या सकाळी मी पँटचे पाय दुमडून बादली उचलली, तर सगळं खातं दारात उभं. आप्पा चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले आणि समाधानाने म्हणाले, "आली बाबा माझी सून."

आप्पा निवृत्त होऊन गावी गेले, मी हजिऱ्याच्या मोठ्या कारखान्यात आलो. माझी शिक्षा कधीच संपली. सडा चालू आहे. परवा इथला रस्ता नव्याने केला आणि पाणी चक्क उलटं वळलं. मी आप्पांना फोन लावला.

"कथा गयं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे, आप्पा."

"मग चिंध्यांच्या गोण्या आजच तिकडे हलव," ते म्हणाले. "आणि सूनबाई, रांगोळी राहिली."