चांदा ते गडचिरोली: मी नोकऱ्या पाहायला गेले तेव्हा

मॅट्रिकची परीक्षा संपली आणि बाबा जेवताना म्हणाले, "चल, तुले नोकऱ्या दाखवून आणतो." मी इतकी हरखले की हातातला घास तसाच राहिला. त्या हरखण्याचा मला आज राग येतो, आणि हा सगळा प्रवास मी रागातच लिहिते आहे हे आधीच सांगून टाकते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, गडचिरोली त्याच जिल्ह्यातला एक तालुका होता आणि आम्ही चिमूरचे. घरी धानाची शेती. मला गणित आणि सायन्स आवडायचं आणि जमायचंही. आमचे हेडमास्तर मुद्दाम घरी येऊन सांगून गेले होते, "पोरीले नागपूरले सायन्स कॉलेजात घाला." बाबा "पाहू" म्हणाले होते. नागपूर मिळणार की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्यासमोर होता, आणि त्याचं उत्तर या प्रवासात ठरणार अशी माझी पक्की समजूत झाली. समजूत करून देणारे बाबाच. कोळशाची खाण, कागदाचा कारखाना आणि मलेरियाची प्रयोगशाळा, अशा तीन जागा त्यांनी ओळखीपाळखीतून ठरवल्या होत्या.

सकाळच्या मोटारीने निघालो. आता चिमूरहून चंद्रपूरला दिवसभर बस मिळतात. तेव्हा एक चुकली की दिवस गेला. मे महिना, कच्चा रस्ता, खिडक्यांना काचा नाहीत. वरोऱ्याला उतरलो तेव्हा बाबांची पांढरी टोपी विटकरी झाली होती. या भागात उन्हाळ्यात जाणार असाल तर डोक्याला ओला पंचा बांधा आणि आंबील बरोबर ठेवा. आईने आम्हाला आंबिलीचा तांब्या, भाकरी आणि जवसाची चटणी दिली होती. शिवाय माझी ठेवणीतली निळी इरकली साडी पिशवीत घातली होती. खाणीत जायला इरकली कशाला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही.

चांद्याला आम्ही बाबांच्या एका दोस्ताकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी खाणीवर गेलो. जमिनीवर उभा केलेला उंच लोखंडी सांगाडा, त्यावर फिरणारं चाक, आणि त्या चाकाच्या दोरावर माणसं खाली जात होती. मी पाहतच राहिले. एवढ्या खोल हवा कशी पोचते, पाणी साचलं तर काय करतात, हे मी विचारलं. आम्हाला फिरवणारा तरुण सर्व्हेअर उत्तरं देत होता, पण तोंड बाबांकडे करून. बाबांचे प्रश्न वेगळेच. क्वार्टर किती खोल्यांचं? विहीर जवळ आहे का? बदली कुठे होते? मला भरून आलं. बाबा माझ्यासाठी किती बारकाईने विचार करताहेत, असं वाटलं.

मग त्याच्या क्वार्टरवर चहा झाला. तिथे त्याची एक आत्या होती. म्हणाली, "बाई, जरा अंगणातून चालून दाखव वं." मला वाटलं, खाणीत पायी फार चालावं लागत असेल, म्हणून पाहत असतील. मी ताठ, भराभर, दोनदा चालून दाखवलं. आत्या म्हणाली, "चाल लयच जोराची हाय." मी ती शाबासकी समजले.

कागदाचा कारखाना तिसऱ्या दिवशी पाहिला. जंगलातून आलेले बांबूचे ढीग, ते चिरणारी यंत्रं, शिजवणारे प्रचंड हंडे. वास असा की डोळ्यांत पाणी. पण त्याच घाणेरड्या लगद्याचा शेवटी स्वच्छ कागद होऊन बाहेर येतो हे पाहिलं, आणि खाण मनातून थोडी मागे पडली. खाणीत अंधार, इथे रसायनं. इथल्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या ओळीने लावलेल्या होत्या. तिथला केमिस्ट सावळा, अबोल मुलगा होता. लगद्यात काय काय मिसळतात हे मी विचारलं तर त्याने सांगितलं, आणि मग एकदम म्हणाला, "चला, आई वाट पाहत आहे."

त्याच्या आईने माझ्या हातात सुई आणि दोरा दिला. "ओवून दाखव, बेटा." मी एका झटक्यात ओवला. नळीतले थेंब मोजायला नजर चांगली लागते, तेव्हा परीक्षा बरोबरच आहे, असं मी मनातल्या मनात म्हटलं. आता हसू नका. माझ्या मोठ्या बहिणीला दाखवायचा कार्यक्रम मी लहान असताना झाला होता, तो घरातल्या घरात, ओळखीतल्या ओळखीत. नोकरी पाहायला नेऊन मुलगी दाखवतात हे मला कुठून ठाऊक असणार?

चांद्याहून मूल या गावावरून जाणारा गडचिरोलीचा रस्ता आजही सुंदर आहे. तेव्हा दोन्ही बाजूंना नुसतं जंगल होतं आणि मध्ये मध्ये तेंदूपानाचे फड, विडीच्या पानांच्या जुड्या उन्हात वाळत घातलेल्या. वैनगंगेच्या अलीकडे मोटारीतून उतरलो, वाळू तुडवली, नावेतून पलीकडे गेलो. नावेत एक ढिवरीण मासोळ्यांची टोपली घेऊन बसली होती. तिने विचारलं, "कुठी चालले, भाऊ?"

"पोरीले नोकऱ्या दाखवून राह्यलो," बाबा म्हणाले.

"पोरीले?" ती माझ्याकडे पाहून म्हणाली. "बरं हाय. आमच्या पोरीयले कोनी काई दाखवत नाई."

मी मान उंच करून बसले.

गडचिरोलीची मलेरियाची प्रयोगशाळा म्हणजे कौलारू घराच्या दोन खोल्या. तिथे देशपांडे नावाचे नागपूरचे तरुण गृहस्थ काम करत. गावोगावच्या तापकऱ्यांचं रक्त काचपट्टीवर यायचं आणि देशपांडे ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. बाबा बाहेर ओसरीवर पानतंबाखू घेऊन बसले. देशपांड्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "एक डोळा लावा, दुसरा मिटू नका."

आधी काहीच दिसलं नाही. मग गुलाबी गोल पेशींचा थवा दिसला, आणि एका पेशीत बारीक निळी अंगठी, तिच्यावर लाल ठिपका. "हाच तो ताप," ते म्हणाले. आमच्या गल्लीतलं कोण कोण या तापाने गेलं ते मला आठवलं. ज्याला सगळे देवीचा कोप म्हणत होते ते इथे, डोळ्यासमोर, मला दिसत होतं. मी पट्टीमागून पट्टी पाहत गेले. खाण नको, कागद नको, हेच, असं माझं ठरून गेलं.

मी विचारलं, "सायन्स झाल्यावर मला इथे काम मिळेल का?"

देशपांडे गोंधळले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगितलं नाही का? तुम्ही मला पाहायला आला आहात. खाणीतले झाले, कारखान्यातले झाले. माझा पगार त्यांच्याहून कमी आहे, हे मी आधीच कळवलं होतं."

 आत्या, सुई, इरकली, विहीर, क्वार्टर, सगळं एका क्षणात कळलं. त्या माणसाचा काही दोष नव्हता. तो बिचारा माझ्याइतकाच ओशाळला होता.

परतीच्या सगळ्या वाटेत मी बाबांशी बोलले नाही. नावेत नाही, मोटारीत नाही. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर मागून सगळेच निघाले असते. बाबा मात्र खुशीत होते. मूलला त्यांनी मला गरम भजी घेऊन दिली. मी खाल्ली नाहीत.

घरी आल्या आल्या आईने विचारलं, "मंग, कोण पसंत पडला?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "गडचिरोलीवाला. पोरगी त्याच्या खोलीतून हालेच ना. अन् येताना लाजून एक बोल नाई बोलली."

"मी लाजली नाई," मी म्हटलं. "मले तो पसंत नाई. मले ते मशीन पसंत हाय. मले नागपूरले जाऊन ते शिकाचं हाय. तुमी मले फसवलं."

बाबांना खरंच कळेना. "फसवलं? कोण्या बापानं पोरीले तीन तीन जागा फिरून दाखवल्या? म्या म्हटलं, तुले सायन्स आवडते तं सायन्सवालाच पाहू. अन् मशीनशी का लगन लावता येते, पोरी?"

आई हसली. शेजारची काकू हसली. त्या हसण्यात नागपूर गेलं. हेडमास्तर पुन्हा आले, त्यांनाही बाबांनी हाच विनोद सांगितला, तेही हसले. मी उपाशी बसून पाहिलं, रडून पाहिलं. दिवाळीनंतर माझं लग्न देशपांड्यांशी लागलं.

माणूस चांगला होता. संसारही चांगला झाला, उगाच खोटं लिहिणार नाही. पण घरातल्या समारंभात कोणीतरी उठून सांगतं, त्या काळात मुलीला कारखाने दाखवणारा बाप, केवढा पुढारलेला! मग सगळे टाळ्या वाजवतात आणि माझ्याकडे कौतुकाने पाहतात. मला तेव्हा उठून जावंसं वाटतं. बाबांनी मला खाण दाखवली, कारखाना दाखवला, प्रयोगशाळा दाखवली. फक्त हे माझ्यासाठी असू शकतं, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. खाण आणि कारखान्यातलं बरं काय नि वाईट काय, हे मी तोलत होते तेव्हा ते जावई तोलत होते.

तुम्ही मुलीला घेऊन अशा फेरीला निघणार असाल तर रस्ते आता चांगले आहेत, वैनगंगेवर पूल आहे, जेवायची सोय सगळीकडे होते. कशासाठी नेताय ते मात्र तिला घरून निघतानाच सांगा.

लग्नानंतर गडचिरोलीला गेले त्याच आठवड्यात मी यांना म्हटलं, मला पुन्हा एकदा पट्टी पाहायची आहे.  हे म्हणाले, तिथे सगळे पुरुष काम करतात, साहेबाच्या बायकोने येऊन बसणं बरं दिसत नाही. प्रयोगशाळा आमच्या क्वार्टरच्या समोरच होती. परकी मुलगी म्हणून मी तिथे मनसोक्त बसले होते, आणि बायको झाल्यावर त्या दाराच्या आत मी कधीच गेले नाही.